यकृताच्या गाठीचे भवितव्य आणि जनुकांवरील नोंद

पेण किंवा रोहा तालुक्यातील एखाद्या रुग्णाच्या यकृतात गाठ असल्याचा सोनोग्राफीचा अहवाल हाती पडला, की त्याच्या कुटुंबाचा पुढचा प्रवास बहुधा ठरलेला असतो. आधी तालुक्याच्या ठिकाणचे डॉक्टर, मग अलिबागचे जिल्हा रुग्णालय आणि तेथून पनवेलमार्गे मुंबई. परळचे टाटा स्मारक रुग्णालय सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच संस्थेचे उपचार व संशोधन केंद्र, ज्याला ‘अ‍ॅक्ट्रेक’ या संक्षिप्त नावाने ओळखतात, ते खारघरला, म्हणजे रायगड जिल्ह्याच्याच हद्दीत आहे. कोठेही गेले तरी तपासण्यांचे चक्र पूर्ण झाल्यावर नातेवाईक डॉक्टरांना एकच प्रश्न विचारतात. शस्त्रक्रिया केली तर माणूस किती वर्षे मिळेल? या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून असते. कोणी शेताचा तुकडा विकायचा की नाही ते ठरवतो, तर कोणी मुलीचे लग्न अलीकडे घेण्याचा विचार करतो.

वैद्यकशास्त्रात या उत्तराला ‘पूर्वानुमान’ म्हणतात. निदान म्हणजे रोग कोणता ते सांगणे. पूर्वानुमान म्हणजे तो पुढे कोणत्या वाटेने जाईल ते सांगणे. यकृताच्या कर्करोगात निदान बरेच पक्के झाले आहे, पूर्वानुमान मात्र अजूनही ढोबळ आहे. ते अधिक नेमके करण्यासाठी गेली पंचवीस वर्षे जगभरच्या प्रयोगशाळा ज्या गोष्टीकडे आशेने पाहत आहेत, ती म्हणजे जनुकांचे मिथिलीकरण, इंग्रजीतील ‘मिथायलेशन’.

यकृताच्या कर्करोगाविषयी एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. यकृतात आढळणारी प्रत्येक घातक गाठ यकृताच्या कर्करोगाची नसते. आतडे, जठर, स्तन, फुप्फुस अशा अवयवांतील कर्करोग पसरून यकृतात येतो, तो निराळा. येथे विचार आहे तो यकृताच्या स्वतःच्या पेशींपासून निर्माण होणाऱ्या कर्करोगाचा, म्हणजे ‘हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा’चा. जागतिक अंदाजांनुसार २०२० या वर्षी यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ९ लाख ६ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८ लाख ३० हजार रुग्ण दगावले. भारतासाठी हे आकडे अनुक्रमे ३५ हजार आणि ३४ हजारांच्या आसपास होते. नवे रुग्ण आणि मृत्यू यांच्या संख्या इतक्या जवळ असणे हेच या रोगाच्या उग्रतेचे माप होय. लोकसंख्येच्या मानाने आपल्याकडील प्रमाण चीन किंवा मंगोलियाहून पुष्कळ कमी आहे, परंतु आपल्याकडे रुग्ण येतात तेच मुळी उशिरा.

दोन गाठी, दोन भवितव्ये

आज पूर्वानुमान बांधले जाते ते प्रामुख्याने चार-पाच गोष्टींवरून. गाठी किती आणि केवढ्या, त्यांनी यकृतात रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेत शिरकाव केला आहे काय, यकृताच्या बाहेर प्रसार आहे काय, उरलेले यकृत कितपत काम करते, आणि रुग्ण स्वतः कितपत हिंडता-फिरता आहे. उरलेल्या यकृताची ताकद मोजण्यासाठी ‘चाइल्ड-प्यू’ नावाची गुणपद्धती वापरतात. तिची बैठक १९६४ मधील, तर सुधारित रूप १९७३ मधील आहे. कावीळ किती, रक्तातील अल्ब्युमिन किती, रक्त गोठण्यास किती वेळ लागतो, पोटात पाणी आहे काय आणि रुग्णाला गुंगी येते काय, एवढ्यावर ती चालते. या सर्वांची सांगड घालणारी ‘बार्सिलोना’ वर्गवारी १९९९ पासून प्रचारात आली आणि बहुतेक रुग्णालयांत उपचारांची दिशा आज तिच्याच आधारे ठरते.

यांच्या जोडीला ‘अल्फा-फीटोप्रोटीन’ ही रक्तचाचणी असते. गर्भाच्या यकृतात तयार होणारे आणि जन्मानंतर जवळजवळ नाहीसे होणारे हे प्रथिन यकृताच्या गाठीत पुन्हा तयार होऊ लागते, हे १९६३-६४ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ आबेलेव्ह आणि तातारिनोव्ह यांनी दाखवून दिले. चाचणी स्वस्त आहे आणि तालुक्याच्या प्रयोगशाळेतूनही नमुना पाठवून करून घेता येते. परंतु साधारण एक-तृतीयांश रुग्णांत गाठ असूनही हे प्रथिन वाढलेले नसते.

हे सारे जमेस धरूनही एक कोडे उरतेच. एकाच वयाच्या दोन रुग्णांची तीन-तीन सेंटिमीटरची एकेक गाठ एकाच शल्यविशारदाने काढावी, आणि एकाला वर्षाच्या आत पुन्हा गाठी याव्यात, तर दुसरा सात-आठ वर्षे ठणठणीत राहावा, असे वारंवार घडते. शस्त्रक्रियेने गाठ काढलेल्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांत पाच वर्षांच्या आत रोग परततो. कोणाच्या बाबतीत तो परतणार, हे केवळ गाठीचा आकार मोजून कळत नाही.

परतणारा रोगही दोन प्रकारचा असतो, हे सहसा रुग्णाला सांगितले जात नाही. दोनएक वर्षांच्या आत परतला तर तो मूळ गाठीच्याच निसटलेल्या पेशींचा, असे मानले जाते. त्यानंतर उगवलेली गाठ पुष्कळदा सर्वस्वी नवी असते. सिऱ्हॉसिसने, म्हणजे वर्षानुवर्षांच्या इजेमुळे कठीण आणि खरबरीत झालेल्या यकृताच्या जमिनीतून ती स्वतंत्रपणे वर आलेली असते. २००८ मध्ये ३०७ रुग्णांच्या एका अभ्यासात असे आढळले, की गाठीतील जनुकांपेक्षा गाठीभोवतालच्या ‘निरोगी’ दिसणाऱ्या यकृतातील जनुकांच्या हालचाली रुग्णाच्या आयुर्मानाशी अधिक जुळतात. म्हणून यकृताच्या कर्करोगात गाठीचे आणि यकृताचे अशी दोन पूर्वानुमाने एकाच वेळी बांधावी लागतात.

मिथिलीकरण म्हणजे काय

माणसाच्या प्रत्येक पेशीत डीएनएच्या रूपाने सुमारे तीन अब्ज अक्षरांचा मजकूर असतो. अक्षरे चारच. मेंदूच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत मजकूर तोच, तरीही दोन्ही पेशींचे काम भिन्न, कारण मजकुराचा कोणता भाग वाचायचा आणि कोणता मिटून ठेवायचा याच्या खुणा निरनिराळ्या असतात. मिथिलीकरण ही अशीच एक खूण होय. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा, मिथिल नावाचा चिमुकला गट डीएनएमधील ‘सी’ या अक्षराला चिकटतो, आणि तोही मुख्यतः जेथे ‘सी’च्या पुढे ‘जी’ हे अक्षर असेल तेथेच. माणसाच्या डीएनएमध्ये अशा सुमारे २ कोटी ८० लाख जागा आहेत.

रायगडमध्ये जमिनीचे व्यवहार पाहिलेल्या वाचकांना सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून हे चटकन उमगेल. उताऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा रकाना असतो. तेथे बँकेच्या बोज्याची नोंद चढली, की जमीन तीच, गट क्रमांक तोच, क्षेत्रफळही तेच. पण व्यवहार अडतो. बोजा कमी झाला, की पुन्हा मोकळा होतो. जनुकाच्या आरंभभागावर मिथिल गटांची दाटी झाली, की जनुकाचा मजकूर अक्षरशः तसाच राहतो, पण पेशी तो वाचू शकत नाही. जनुक गप्प होते. उत्परिवर्तन म्हणजे मूळ दस्तातील अक्षरच बदलणे. मिथिलीकरण म्हणजे रकान्यातील नोंद बदलणे. दस्त खोडता येत नाही, नोंद मात्र तत्त्वतः कमी करता येते, आणि औषधशास्त्राचा या विषयातील रस त्यामुळेच आहे.

निरोगी शरीरात या नोंदी आवश्यकच असतात. कर्करोगात त्यांची विस्कटलेली अवस्था दिसते. १९८३ मध्ये फाइनबर्ग आणि व्होगेलस्टाइन या अमेरिकी संशोधकांनी माणसाच्या कर्करोगपेशींत काही जनुकांवरील मिथिल गट कमी झाल्याचे दाखवले. पुढे उलट प्रकारही उघड झाला. डीएनएच्या विस्तीर्ण पट्ट्यांवरील नोंदी गळून पडतात, तर जेथे त्या असू नयेत अशा मोजक्या जनुकांच्या आरंभी त्यांची गर्दी होते. यकृताच्या गाठीत अशा रीतीने गप्प बसवल्या जाणाऱ्या जनुकांत ‘पी१६’ आणि ‘आरएएसएसएफ१ए’ ही दोन नावे सतत येतात. पहिले पेशीच्या विभाजनाला ब्रेक लावते. दुसरे वाढीचे संदेश आवरते आणि बिघडलेल्या पेशीला मरणाकडे नेण्यास हातभार लावते.

यकृताच्या बाबतीत आणखी एक विशेष आहे. मिथिल गट पुरवणारे मुख्य रसायन, ‘एस-अ‍ॅडेनोसिल मिथिओनिन’, शरीरात सर्वाधिक तयार होते ते यकृतातच, आणि शरीरातील मिथिलीकरणाच्या बहुतांश क्रियाही तेथेच होतात. म्हणजे ज्या शाईने या नोंदी लिहिल्या जातात, तिचा कारखानाच यकृत आहे. १९८० च्या दशकात उंदरांवर केलेल्या प्रयोगांत, आहारातून कोलीन व मिथिओनिन यांसारखे मिथिलपुरवठा करणारे घटक काढून टाकताच, कोणतेही कर्करोगकारक रसायन न देता यकृतात गाठी झाल्या. दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्यांच्या यकृतातही या रसायनाचा साठा घटतो. अर्थात, फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेऊन कर्करोग टळतो, असा निष्कर्ष यातून काढणे चुकीचे ठरेल.

नोंदी कोण चढवतो

बी आणि सी प्रकारचे यकृतदाहाचे विषाणू, मद्य, बुरशीचे अ‍ॅफ्लाटॉक्सिन हे विष, आणि स्थूलता व मधुमेह यांच्यासोबत येणारे मेदयुक्त यकृत ही या कर्करोगाची प्रमुख कारणे. प्रत्येक कारण आपापल्या तऱ्हेने नोंदी चढवते. तैवानमधील गाठींवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘आरएएसएसएफ१ए’वरील मिथिलीकरणाचा संबंध यकृतातील अ‍ॅफ्लाटॉक्सिनच्या प्रमाणाशी आढळला.

अ‍ॅफ्लाटॉक्सिन हे नाव पश्चिम भारताला अपरिचित नाही. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा व डुंगरपूर आणि गुजरातेतील पंचमहाल या आदिवासी भागांत अवकाळी पावसात भिजलेला बुरशीयुक्त मका खाऊन ३९७ जणांना यकृताचा तीव्र विकार जडला आणि त्यांपैकी १०६ जण दगावले. पेण आणि रोहा हे भाताचे तालुके आहेत आणि तांदळाला मका किंवा भुईमुगाइतका या विषाचा धोका नसतो. तरीही चार महिन्यांच्या कोकणी पावसात दमट कोठीत राहिलेले शेंगदाणे काळसर पडले, कडू लागले, तर निवडून उरलेले वापरण्यापेक्षा सगळेच टाकणे श्रेयस्कर. भाजल्याने हे विष पूर्णतः नष्ट होत नाही.

रोह्यात हा विषय निघाला, की धाटाव औद्योगिक वसाहतीतील रसायनांचे नाव निघतेच. उद्योगांतील रसायनांपैकी यकृताच्या कर्करोगाशी ज्याचा संबंध निःसंशय सिद्ध झाला, ते व्हिनाइल क्लोराइड होय. १९७४ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या कारखान्यात पीव्हीसी तयार करणाऱ्या कामगारांत यकृतातील रक्तवाहिन्यांचा एक अतिदुर्मीळ कर्करोग आढळला, तेव्हा हे उघड झाले. तेथे प्रश्न होता तो वर्षानुवर्षे बंदिस्त भांड्यांत उतरून काम करणाऱ्यांचा. कारखान्याच्या धुराचा सरसकट यकृताच्या गाठीशी संबंध जोडणे ही निराळी गोष्ट आहे. गाठीवरील मिथिलीकरणाचा नमुना पाहून अमुक एका रुग्णाला अमुक रसायनामुळेच रोग झाला, असे सांगता येत नाही. न्यायालयात सादर करता येईल असा हा पुरावा नव्हे.

शहरी आणि निमशहरी वाचकांनी अधिक लक्ष द्यावे असे कारण वेगळेच आहे. मुंबईतील यकृतरोगतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातील दोन रेल्वे वसाहतींत केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, तपासलेल्या ११६८ जणांपैकी सुमारे १७ टक्के लोकांत, मद्याशी संबंध नसलेले मेदयुक्त यकृत आढळले. रुग्णालयात आलेल्यांची नव्हे, तर घरी राहणाऱ्या सामान्य नोकरदार कुटुंबांची ही पाहणी होती, हे तिचे महत्त्व. डॉ. अमरापूरकर २९ ऑगस्ट २०१७ च्या मुंबईतील अतिवृष्टीत मृत्युमुखी पडले. त्यांनी वेळीच दाखवलेला प्रश्न मात्र तेव्हापासून मोठाच होत गेला आहे. मेदयुक्त यकृतातून उद्भवणाऱ्या कर्करोगाची एक अडचण अशी, की त्यातील काही रुग्णांत सिऱ्हॉसिस होण्यापूर्वीच गाठ होते, आणि त्यामुळे ते कोणाच्याही नियमित तपासणीच्या यादीत नसतात.

रक्तातून वाचलेली नोंद

मिथिलीकरण वाचणे १९९० पर्यंत किचकट होते. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी बायसल्फाइट प्रक्रियेवर आधारलेली पद्धत मांडली. या रसायनाने साधे ‘सी’ अक्षर बदलते, मिथिल गट चिकटलेले ‘सी’ मात्र तसेच राहते, आणि मग फरक ओळखता येतो. १९९६ मध्ये पीसीआर यंत्रावर काही तासांत उत्तर देणारी सुटसुटीत पद्धत आली आणि अभ्यासांची रीघ लागली.

त्यांतील एक हाँगकाँगचा. १९९९ मध्ये तेथील चिनी विद्यापीठातील चमूने यकृताच्या कर्करोगाच्या २२ रुग्णांच्या गाठी तपासल्या. १६ गाठींत ‘पी१६’ मिथिलीकृत होते. मग त्या १६ जणांचे रक्त तपासले, तर १३ जणांच्या रक्तातही तीच खूण तरंगताना सापडली. मरणाऱ्या गाठीच्या पेशींतून डीएनएचे तुकडे रक्तात सुटतात आणि आपल्या नोंदी बरोबर घेऊन येतात. यकृताच्या गाठीत या गोष्टीला विशेष मोल आहे. सिऱ्हॉसिसच्या रुग्णात गाठीचे निदान रंगद्रव्य टोचून काढलेल्या सीटी स्कॅन किंवा एमआरआयवरून होते, सुईने तुकडा काढावा लागत नाही, आणि रक्तस्रावाच्या भीतीने तो टाळलाही जातो. साहजिकच शस्त्रक्रिया न झालेल्या बहुसंख्य रुग्णांच्या गाठीचा नमुना प्रयोगशाळेला कधी मिळतच नाही. रक्त मात्र मिळते.

हाँगकाँगच्याच गटाने २००८ मध्ये ‘आरएएसएसएफ१ए’ घेतले आणि कर्करोगाच्या ६३ रुग्णांची तुलना बी यकृतदाहाचे विषाणू बाळगणाऱ्यांशी आणि निरोगी व्यक्तींशी केली. मिथिलीकृत ‘आरएएसएसएफ१ए’ कर्करोगाच्या ९३ टक्के रुग्णांच्या रक्तात आढळले, परंतु कर्करोग नसलेल्या विषाणूवाहकांतही ते ५८ टक्क्यांत होते आणि निरोगी व्यक्तींतही ८ टक्क्यांत. निदानाच्या दृष्टीने मधला आकडा गोंधळात टाकणारा आहे. पूर्वानुमानाच्या दृष्टीने मात्र याच अभ्यासात महत्त्वाची गोष्ट निघाली. निदानाच्या वेळी, किंवा शस्त्रक्रियेनंतर एका वर्षाने, ज्यांच्या रक्तात या खुणेचे प्रमाण अधिक होते, त्यांच्यात रोगमुक्त कालावधी कमी राहिला. नोंद आहे की नाही यापेक्षा ती किती आहे, याला अर्थ होता.

एकेका जनुकाऐवजी पूर्ण डीएनए एकाच वेळी चाळण्याची यंत्रे आली, तेव्हा चित्र विस्तारले. बार्सिलोना आणि न्यूयॉर्क येथील गटांनी युरोपीय सहकाऱ्यांसह केलेला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयातील मैलाचा दगड मानला जातो. शस्त्रक्रियेने काढलेल्या ३०४ गाठी त्यांनी तपासल्या. २२१ गाठींवरून त्यांनी ३६ मिथिल खुणांचा एक संच निवडला आणि उरलेल्या ८३ गाठींवर तो पडताळून पाहिला. ज्यांच्या गाठीत या संचाचा प्रतिकूल नमुना होता, त्यांच्यात मृत्यूची जोखीम जवळजवळ दुप्पट आढळली.

या अभ्यासाचा एक तपशील बातम्यांत सहसा येत नाही. इतर सर्व घटकांशी पडताळून पाहिल्यावर मृत्यूची जोखीम स्वतंत्रपणे सांगणाऱ्या गोष्टी तीन उरल्या. ३६ खुणांचा संच ही पहिली. गाठी एकाहून अधिक असणे ही दुसरी. आणि तिसरी, रक्तातील प्लेटलेटची संख्या. सिऱ्हॉसिसमुळे पोर्टल शिरेतील दाब वाढतो, प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट कमी होतात. म्हणून ती संख्या उरलेल्या यकृताची खबर देते. पेणच्या बाजारपेठेतील किंवा रोह्याच्या स्टेशनाजवळील कोणत्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये साध्या रक्ततपासणीत मिळणारा हा आकडा, लक्षावधी रुपयांच्या यंत्रातून निघालेल्या संचाच्या शेजारी, त्याच कोष्टकात उभा आहे. संच गाठीविषयी बोलतो, प्लेटलेट यकृताविषयी. दोन्ही पूर्वानुमाने लागतात, हे वर म्हटले आहे ते याचसाठी.

२०१७ मध्ये चीनमधून आलेला अभ्यास आकाराने सर्वांत मोठा. १०९८ रुग्ण आणि ८३५ निरोगी व्यक्तींच्या रक्तातील डीएनएवरून त्यात निदानासाठी १० आणि पूर्वानुमानासाठी ८ खुणांचे संच बांधले गेले. येथेही निदानाच्या आणि पूर्वानुमानाच्या खुणा वेगवेगळ्या निघाल्या. रोग ओळखणारी खूण त्याचे भवितव्यही सांगेलच, असे नाही.

दवाखान्यात का नाही

एवढे असूनही यकृताच्या कर्करोगात मिथिलीकरण तपासूनच उपचार ठरवावेत, असे कोणतीही प्रमुख मार्गदर्शक नियमावली सांगत नाही. याची कारणे शास्त्रीय आहेत, तशी व्यावहारिकही आहेत. बायसल्फाइटच्या प्रक्रियेत डीएनएचा मोठा भाग तुटून जातो, आणि रक्तातील तुकडे मुळातच थोडे असतात. निरनिराळ्या प्रयोगशाळा जनुकाच्या निरनिराळ्या भागावर मोजमाप करतात आणि ‘जास्त’ कशाला म्हणायचे याची रेषा वेगवेगळी आखतात. सिऱ्हॉसिसच्या यकृतात आणि वाढत्या वयात काही नोंदी गाठीविनाही चढतात. शिवाय कारणागणिक नमुना बदलतो. चीनमधील रुग्ण प्रामुख्याने बी विषाणूचे, युरोपातील पुष्कळसे सी विषाणूचे आणि मद्याचे. कोकणातील किंवा एकूणच महाराष्ट्रातील रुग्णांत विषाणू, मद्य आणि मधुमेह यांचे मिश्रण असते, पुष्कळदा एकाच माणसात. तिकडच्या संचावर इकडच्या रुग्णाचे आयुष्य मोजणे म्हणजे एका गावच्या आणेवारीवर दुसऱ्या गावचा सारा ठरवण्यासारखे आहे.

पूर्वानुमान सांगणारी खूण आणि उपचार निवडून देणारी खूण यांतही अंतर आहे. अमुक रुग्णात रोग लवकर परतेल, हे कळले तरी त्याच्यासाठी वेगळे काय करायचे, याचे सिद्ध उत्तर हाती असल्याशिवाय त्या ज्ञानाचा रुग्णाला उपयोग तोकडाच. मिथिल नोंदी पुसणारी अ‍ॅझासिटिडीन आणि डेसिटाबीन ही औषधे अमेरिकेत २००४ आणि २००६ मध्ये मान्य झाली, पण ती अस्थिमज्जेच्या विकारासाठी. यकृताच्या घट्ट गाठीत या जातीच्या औषधांना तसे यश लाभलेले नाही.

खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये या शाखेच्या एका भावंडावर काम झाले आहे. डीएनएचा धागा ज्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, त्यांना हिस्टोन म्हणतात, आणि जनुक उघडे राहणार की मिटणार हे त्यांच्यावरही अवलंबून असते. तेथील डॉ. संजय गुप्ता यांच्या प्रयोगशाळेने उंदरांना कर्करोगकारक रसायन देऊन यकृतातील बदल टप्प्याटप्प्याने पाहिले, तेव्हा गाठ घडण्याच्या प्रवासात ‘एच२ए.१’ या हिस्टोन-प्रकाराचे प्रमाण वाढत गेल्याचे आढळले. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली १९५२ मध्ये परळला सुरू झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचाच अ‍ॅक्ट्रेक हा पुढचा अवतार आहे.

दरम्यान, पेण-रोह्यातील कुटुंबाने काय करावे? ‘जनुकीय चाचणीवरून यकृताच्या कर्करोगाचे भवितव्य’ सांगणाऱ्या महागड्या तपासणीसाठी कर्ज काढू नये, हे स्पष्टच सांगायला हवे. तो पैसा शस्त्रक्रियेनंतरच्या पाठपुराव्याला लागतो. बी विषाणू असल्यास शस्त्रक्रियेनंतरही विषाणूविरोधी गोळ्या चालू ठेवल्याने रोग परतण्याची शक्यता घटते. या विषाणूंची तपासणी आणि औषधे मोफत देणारा राष्ट्रीय कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. नवजात बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत बी यकृतदाहाची लस द्यायची असते. २०११ पासून ही लस देशभरच्या सार्वत्रिक लसीकरणात आहे. तैवानने १९८४ मध्ये हे सुरू केले आणि तेथील शाळकरी वयातील मुलांत यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. मिथिलीकरणाच्या साऱ्या अभ्यासांनी मिळून इतके जीव अद्याप वाचवलेले नाहीत.

सिऱ्हॉसिस असलेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि अल्फा-फीटोप्रोटीन करून घ्यावे. तीन सेंटिमीटरच्या आतली गाठ सापडली, तर शस्त्रक्रिया, गाठ जाळणे किंवा प्रत्यारोपण असे पर्याय खुले राहतात. पोटात पाणी भरल्यावर किंवा कावीळ दिसल्यावर निघालेल्यांना ते क्वचितच मिळतात.

शस्त्रक्रिया झाली असेल, तर आणखी एक गोष्ट जपून ठेवण्यासारखी आहे. काढलेल्या गाठीचे तुकडे मेणाच्या छोट्या ठोकळ्यांत बसवून पॅथॉलॉजी विभागात ठेवले जातात. त्यांना ‘ब्लॉक’ म्हणतात. रुग्णालय बदलताना अहवालाची झेरॉक्स घेतली जाते, ब्लॉक मात्र मागितला जात नाही. मेणातील डीएनए काहीसा झिजतो, पण त्यावरील मिथिल नोंदी वर्षांनंतरही वाचता येतात. गाठ परतली आणि ती जुनीच की नवी, असा प्रश्न पडला, तर तुलनेसाठी लागतो तो हाच ठोकळा. दुसऱ्या रुग्णालयात जाण्यापूर्वी लेखी अर्ज करून तो मागून घेता येतो. त्यावर पॅथॉलॉजीचा क्रमांक लिहिलेला असतो. तो फायलीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवावा.